आधी वरण, मग भाताचा हिशेब

वजन उतरवायचं मनावर घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भात बंद करू का?" दुसरा, "पोळ्या किती खाऊ?" सल्ले देणारे तर घरोघरी. दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग. वरणभातावर तूप घ्या, घाबरू नका, हा ऋजुता दिवेकरांचा. आणि जिममधला ट्रेनर बजावून सांगतो, कार्ब ५० ग्रॅमच्या खाली आणा. तिघांचंही ऐकून वजन उतरलेली माणसं आपल्याच ओळखीत सापडतात. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

कर्बोदकांचा आकडा काढता येतो, आणि तो काढावाही. फक्त तो पहिल्यांदा ठरवायचा आकडा नव्हे. आधी दिवसाचे एकूण उष्मांक, मग प्रथिनं, मग तेलतूप, आणि जे उरेल ते कर्बोदकांच्या वाट्याला. आपण नेमकं उलट करतो. ताटात आधी भात-पोळी येते आणि वरण, उसळ, दही यांना उरलेल्या जागेत बसवतो.

शरीराला लागतात किती?

प्रौढ माणसाच्या मेंदूला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. त्यावरूनच कर्बोदकांचं किमान प्रमाण १३० ग्रॅम धरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींतही हाच आकडा आहे. एका दिवशी १०० ग्रॅम खाल्ले म्हणून मेंदू अडून बसत नाही. यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करू शकतं आणि कर्बोदकं फारच कमी झाली तर मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवरही चालतो. तेव्हा १३० ही काही लक्ष्मणरेषा नाही. पण साधं, चारचौघांत बसून जेवता येईल असं खाणं ठेवून वजन कमी करायचं असेल, तर त्याच्या फार खाली जायचं कारणही नाही.

खाल्लेल्या कर्बोदकांपैकी काही भाग शरीर ग्लायकोजनच्या रूपात साठवतं: यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, स्नायूंत ४०० च्या आसपास. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी एकदम तोडली की हा साठा आटतो आणि पाणीही निघून जातं. "चार दिवसांत दोन किलो गेले" या बातमीमागे बहुतेक हेच पाणी असतं. लग्नाच्या एका पंगतीत ते परतही येतं. त्या दोन किलोंचा आनंद मानू नये आणि ते परत आले म्हणून रडूही नये.

आपण खातो किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. दोन हजार उष्मांकांच्या त्यांच्या नमुना ताटात दिवसभराचं धान्य २५० ग्रॅम आहे, तेही कच्चं. भात, पोळी, पोहे, रवा, पाव, बिस्किटं सगळं त्यातच आलं.

आपल्या मध्यमवर्गीय घरातला एक साधा दिवस धरा. सकाळी पोह्यांची बशी, म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदकं. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर भात: शंभराच्या वर. संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटं. रात्री एक भाकरी आणि पुन्हा भात, ७५. दिवसभराच्या तीन चहांत दोन-दोन चमचे साखर, ३०. वरण, दूध, फळ आणि इतर भाज्या मिळवल्या की बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते, आणि यात गोडाधोडाचा दिवस धरलेलाही नाही. खाणाऱ्याला मात्र प्रामाणिकपणे वाटत असतं की आपण काही फार खात नाही. वाटणारच, कारण ताटात डोंगर कुठेच दिसत नाही. प्रत्येक गोष्ट थोडीथोडीच असते, फक्त जवळजवळ सगळीच पिठूळ असते.

हे आपल्याला जरा जास्त महागात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार अशी आपली ठेवण. ही चरबी पोटाच्या घेराशी जास्त साठते. तिच्या जोडीला बैठं काम आणि ताटभर पिष्ट आलं की रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल उतरतं. ज्यांच्या तपासणीत हे दोन आकडे बिघडलेले आहेत, त्यांना कर्बोदकं कमी केल्याचा फायदा वजन फारसं हललं नाही तरी होतो.

कमी कार्ब बरं की कमी तेल?

या वादावर जेवढी शाई सांडली तेवढी क्वचितच कशावर सांडली असेल. दोन मोठे प्रयोग पुरेसे आहेत. अमेरिकेतल्या ८११ जणांवर दोन वर्षं चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. चार वेगवेगळे आहार, कर्बोदकं ६५ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत, आणि दोन वर्षांनी उतरलेलं वजन चारही गटांत जवळपास सारखं. पुढे स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. २०१८ चा निकाल असा: कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६ किलो. फरक नगण्य. जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या प्रमाणावरून कोणाला कुठला आहार लागू पडेल हे आधी ओळखता येतं का, तेही त्यांनी तपासलं. नाही ओळखता आलं. ज्या कंपन्या लाळेची तपासणी करून 'तुमचा डाएट' विकतात, त्यांच्या दारी जाण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

गार्डनरांच्या निकालात सरासरीच्या आत एक गंमत दडलेली आहे. दोन्ही गटांत काहींचं वजन वीस किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. म्हणजे आहाराच्या नावापेक्षा त्या माणसाला तो किती दिवस पाळता आला, हे जास्त मोलाचं. दोन्ही गटांना एक सूचना मात्र सारखी होती: साखर आणि मैदा शक्य तितका कमी, भाज्या भरपूर.

वजाबाकी मांडू

एक उदाहरण घेऊ. वय ४५, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ६८ किलो, दिवसभर ऑफिस आणि घरची धावपळ. अशा बाईचं आहे ते वजन टिकायला साधारण १९०० उष्मांक लागतात. रोज चारशेनं कमी, म्हणजे १५०० ठेवले तर सुरुवातीला महिन्याला दीड किलोच्या आसपास वजन उतरू शकतं. वेग कमी वाटेल, पण स्नायू राखून उतरणारं वजन असंच उतरतं.

आता प्रथिनं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६५ ग्रॅम. एका ग्रॅमचे चार उष्मांक, झाले २६०. स्निग्ध पदार्थ ५० ग्रॅम, ग्रॅममागे नऊ, झाले ४५०. पंधराशेतून हे दोन वजा केले की उरले ७९०. त्याला चारानं भागा: १९७. दोनशे म्हणू. एकूण उष्मांकांच्या निम्म्याहून किंचित जास्त. नेहमीचं खाणं खाणाऱ्या आणि मधुमेह नसलेल्या बहुतेकांना इथून सुरुवात करायला हरकत नाही. हालचाल कमी असेल, उंची कमी असेल किंवा रक्तातली साखर सीमेवर असेल, तर १३० ते १६० ची पट्टी धरावी. बांधकामावर राबणाऱ्या किंवा रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या माणसाला दोनशेसुद्धा अपुरे पडतील.

खरी मेख पुढे आहे. ६५ ग्रॅम प्रथिनं मिळवायला दिवसभरात ७५ ग्रॅम कच्ची डाळ-कडधान्यं, ४०० मिलिलिटर दूध-दही, दोन अंडी किंवा तेवढ्या तोडीचं पनीर आणि मूठभर शेंगदाणे लागतात. बाकीची धान्यांतून येतात. डाळी-कडधान्यांत आणि दुधात कर्बोदकंही असतात. त्यांत ४०० ग्रॅम भाज्या आणि एक फळ मिळवलं की शंभर ग्रॅम तिथेच संपतात. उरले शंभर. त्यातून दोन चहांची एकेक चमचा साखर गेली. मग भात, पोळी, पोहे, उपमा या सगळ्यांसाठी मिळून राहिले ८५ ते ९०. म्हणजे दिवसभरात तीन पोळ्या आणि वाटीभर भात. किंवा दोन पोळ्या, वाटीभर भात आणि पोह्यांची अर्धी बशी. दोनशे हा आकडा ऐकायला ऐसपैस वाटतो, पण ताटात उतरवला की त्याचा कस लागतो.

पोळी, भाकरी आणि स्वयंपाकघरातला काटा

कणकेचा पोळीएवढा गोळा वजनकाट्यावर ठेवला तर बहुतेक घरांत तो ४० ते ४५ ग्रॅम भरतो. त्यातलं पाणी सोडलं की पीठ २५ ते २८ ग्रॅम आणि कर्बोदकं १७-१८. फुलका असेल तर १३-१४. आता ज्वारीची भाकरी. परातीत पीठ घेतानाच मोजा: एका भाकरीला ७० ग्रॅम सहज लागतं, थापणारा हात सढळ असेल तर जास्तच. कर्बोदकं झाली ४५ च्या वर. "हल्ली मी पोळी सोडली, भाकरीवर आलोय, दोनच खातो" असं सांगणारा माणूस हिशेबानं पाच पोळ्या खात असतो.

भाकरीची महती गाताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं. शंभर ग्रॅम पिठात कर्बोदकं गव्हात ६४ ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत ६७, नाचणीत ६६, बाजरीत ६२. फरक असून नसल्यासारखा. तंतूही चौघांत दहा-अकरा ग्रॅमच आहेत. पोळीपेक्षा भाकरी चावावी जास्त लागते, तिला तेल लागत नाही, नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर आहे आणि पिठलं-भाकरीची चव पोळीला यायची नाही, हे सगळं मान्य. पण वजनाच्या हिशेबात धान्य बदलून भागत नाही, मोजावंच लागतं. 'इंडियाब' पाहणीतही हेच दिसलं. मैदा-भाताऐवजी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. त्यांच्या जागी थोडी डाळ किंवा दूधदुभतं आलं तिथे तो कमी होता.

भाताचं तेवढं वाईट नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदकं २८ ग्रॅम, कारण बाकी बहुतेक पाणीच. वाटीनं पाडलेली मूद घ्यायची आणि त्यावर वरण निम्म्यानं नव्हे, भाताएवढंच घ्यायचं. पळीनं दुसऱ्यांदा वाढलेल्या भातानं हिशेब मोडतो. तो कोणीच मोजत नाही. भात थंड करून खाल्ला की त्यातलं पिष्ट न पचणारं होतं, असंही हल्ली ऐकू येतं. होतं, पण थोडंसंच. फोडणीचा भात आवडतो म्हणून खावा, वजन उतरेल म्हणून नाही.

साखरेला मात्र सूट नाही. चमचाभर साखर म्हणजे पाच ग्रॅम कर्बोदकं आणि बदल्यात दुसरं काही नाही. गूळ आणि मधाचीही गत जवळजवळ तीच. साखरेऐवजी दोन चमचे गूळ घालून चहा पिणाऱ्यानं रंग बदलला, बाकी काही नाही.

उपवासाचे दिवस

एकादशी, दुप्पट खाशी, हे म्हणणाऱ्याला कार्बचं गणित माहीत नव्हतं. निरीक्षण पक्कं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये ८५ च्या वर कर्बोदकं, प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीच्या एका भरल्या बशीत ६० ग्रॅम, त्यात बटाटा, वर दाण्याचं कूट आणि तूप. संध्याकाळी रताळ्याचा कीस आणि केळं. संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार धरले की आठवड्याची कमाई एका दिवसात जाते.

उपवास मोडायची गरज नाही. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. त्याची भाकरी आणि दही, किंवा छोटी वाटी भगर आणि ताक, चालणाऱ्यांना शेंगदाण्याची आमटी. खिचडी हवीच असेल तर ती एकदाच, बशी लहान, आणि त्या दिवशी दुसरं पिष्ट नाही.

पन्नासच्या खाली जावं का?

दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली गेलं की शरीर चरबीपासून कीटोन बनवू लागतं. हा आहार मुळात वजनासाठी निघालाच नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी आजही तो वापरतात. वजनासाठी तो घराघरांत गाजला तो रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ च्या पुस्तकानंतर.

भूक मंदावते हा त्याचा खरा फायदा, आणि पहिले काही महिने वजन झपाट्यानं उतरतंही. पुढे ती आघाडी विरत जाते. शाकाहारी माणसाला तर पन्नासचं गणित जमवणं फार अवघड, कारण आपली प्रथिनंच डाळींतून येतात आणि डाळीत निम्मी कर्बोदकं. मग राहतं पनीर, चीज, बदाम आणि महिन्याचं फुगलेलं बिल. बद्धकोष्ठ, तोंडाला वास, डोकेदुखी या तक्रारी नेहमीच्या. घरात चार माणसं वरणभात खात असताना आपण एकट्यानं पनीर परतत बसायचं, हे किती दिवस निभेल ते ज्याचं त्यानं ओळखावं. माझं मत विचाराल तर दहात नऊ जणांना याची गरज नसते.

कोणी आपल्या मनानं करू नये

इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना न विचारता कर्बोदकं तोडली, तर औषध तेवढंच राहतं आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम, थरथर, कधी शुद्ध हरपणं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं चालू असताना फार कमी कर्बोदकं खाल्ली तर रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, आणि तेही साखरेचा आकडा फार वाढलेला नसताना, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन आणि पाणी उतरल्यावर जास्त ठरू शकतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि वाढीच्या वयातली मुलं यांनी या लेखातला कुठलाच आकडा आपला समजू नये.

आकडा केव्हा हलवायचा?

ठरवलेला आकडा तीन ते चार आठवडे तसाच ठेवावा. वजन सकाळी, एकाच वेळी, आठवड्यातून दोन-तीनदा करून त्याची सरासरी बघावी. रोजच्या चढउतारात पाणी आणि मीठ बोलत असतं. बायकांनी पाळीच्या दिवसांतलं वजन मोजणीत धरू नये. जोडीला बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर घ्यावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची खूण मानतात.

घेर आणि वजन दोन्ही जागचे हलले नाहीत, तर आधी तेलाचा चमचा, सुट्टीच्या दिवसाची मिसळ आणि तिच्याबरोबर मागवलेला तिसरा पाव तपासावा. तिथे काही सापडलं नाही तर दिवसाकाठी एक पोळी किंवा अर्धी वाटी भात कमी करावा, म्हणजे १५ ते १८ ग्रॅम, आणि पुन्हा तीन आठवडे थांबावं. भूक अनावर होत असेल, व्यायामाला दम पुरत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर तेवढीच पोळी परत आणावी; ती शक्यतो व्यायामाच्या आधीच्या जेवणात. वजन उतरून नव्या जागी स्थिरावलं की दर पंधरवड्याला एकेक पोळी वाढवत न्यायची आणि काटा वर सरकू लागला की शेवटची पोळी काढून घ्यायची. आपला आकडा तिथे आहे.